बोरस्ते पाण्यात उभे राहतात

बाळाजी बोरस्ते यांना पोहता येत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हती. त्यांनी ती लपवली होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. लग्न ठरवताना मुलाचं शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, गावाकडे जमीन आहे का तेही विचारतात. मुलगा बुडतो की तरंगतो, हे कुणी विचारत नाही. पुढे संसारात कधी पोहण्याचा विषय निघालाच, तर बोरस्ते नुसते हसत. गोदाकाठच्या जिल्ह्यात जन्मलेला माणूस असा हसला की लोक त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावतात.

ते नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. पितळेचे भाग मापायचे; मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. या कामामुळे त्यांचा स्वभाव असा झाला होता की जगात हिरवं आणि लाल याखेरीज तिसरं काही असतं, हे त्यांना पटत नसे. घरी बायको श्यामला, जी एका शाळेत गणित शिकवायची, नऊ वर्षांची ओवी आणि तिच्याहून लहान धवल. धवलचं बोलणं म्हणजे ओरडणंच. त्याला पाणी हवं असलं तर ते खालच्या मजल्यावर कळायचं.

त्या वर्षी भाऊबीजेला ही मंडळी सिन्नरजवळ श्यामलाच्या माहेरी गेली. तिचा भाऊ कारभारी यानं नवीन शेततळं केलं होतं आणि त्याला ते कधी एकदा दाजींना दाखवतो असं झालं होतं. चहासुद्धा न घेता तो सगळ्यांना रानात घेऊन गेला. मातीचा उंच बांध चढून वर गेलं, तर पलीकडे एकदम पाणी. चारी बाजूंनी उतरते काठ, त्यांवर जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं आणि पाणी जवळजवळ काठोकाठ. काळ्या प्लास्टिकमुळे पाणीही काळं दिसत होतं. त्यात ना बेडूक, ना गवताची काडी. दिवाळीचं चांगलं ऊन पडलं होतं, पण ते पाण्यात शिरत नव्हतं, वरच थांबत होतं.

"झकास हे ना, दाजी?" कारभारीनं विचारलं.

बोरस्ते मान डोलावणार, एवढ्यात धवलच्या हातातून चेंडू सुटला. उतारावरून काही आवाज न करता तो घरंगळला, पाण्यात गेला आणि जरा पुढे जाऊन थांबला. धवल त्याच्यामागे निघाला, तेव्हा कारभारीनं बोलणं न तोडता त्याची कॉलर धरली.

"भाच्या, इथं चेंडू गेला का गेला. आत जायला सोपं हे, भाईर यायला नाय. प्लास्टिकवर पाय ठरत नाय ना. मागं शेजाऱ्याचं वासरू गेलं. पोहत व्हतं बिचारं. लय येळ पोहत व्हतं."

"मग?" ओवीनं विचारलं.

"मग काय," कारभारी म्हणाला आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेला.

नाशिकला परत येताना गाडी चालवणाऱ्या बोरस्त्यांना ते वासरू दिसत राहिलं. पोहता येऊनही उपयोग नाही, असं पाणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मुलं तर प्रत्येक सुट्टीत मामाकडे जाणार. कारभारीनं काठाला दोर आणि ट्यूब बांधून ठेवल्या होत्या, पण दोर टाकायला माणूस यायला हवा आणि तो येईपर्यंत पाण्यात थांबता यायला हवं. घोटीच्या फाट्याच्या कितीतरी आधीच त्यांचा निर्णय झाला होता: मुलांना पोहायला नाही शिकवायचं. पाण्यात उभं राहायला शिकवायचं. पाय टेकत नाहीत अशा ठिकाणी नाकतोंड वर ठेवून, हळूहळू पाय हलवत, कुणी येईपर्यंत उभं राहायचं. बस्स.

हे ऐकायला सोपं वाटतं. म्हणूनच ते पोहण्याच्या तलावावर चौकशीला गेले.

"मुलांना पोहता येतं का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणूनच आणायचं आहे."

"मग उथळ भागात. खोल भागात पोहता येणाऱ्यांनाच सोडतो."

"पण उथळ भागात पाय टेकतात."

"टेकणारच."

"मला त्यांना पाण्यात उभं राहायला शिकवायचं आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "पाय टेकले की उभीच राहतील ना?"

बोरस्त्यांनी समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तशी बॅच नाही. शिवाय एवढी लहान मुलं असतील तर पालकानं पाण्यात सोबत उतरावं लागेल आणि त्या पालकाला पोहता येणं आवश्यक आहे. "तुम्हाला येत असेलच," त्या म्हणाल्या. बोरस्ते हसले आणि पार्किंगकडे निघाले.

सोसायटीत ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. सोसायटीचे चेअरमन रविराज खैरनार यांना कुठल्याही गोष्टीत पदक दिसल्याशिवाय चैन पडत नसे. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "बोरस्ते, उभं राहायला काय शिकवता? पुढे जायला शिकवा. जिल्हा पातळी, राज्य पातळी. उभं राहण्याची स्पर्धा असते का कुठे?" दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी बादलीत तोंड बुडवून सराव करायला सुचवलं. आणखी एकानं मुलांना पोहता यावं म्हणून मासे खायला घालायला सांगितलं. स्वतः ते शाकाहारी होते. शेवटी शेजारच्या रोहिणीताईंनी एक नाव सांगितलं: दीपमालाबाई.

श्यामला एकदम म्हणाली, "अहो, आमच्याच शाळेत होत्या की पीटीला. मी लागले तेव्हा त्या निवृत्त होत होत्या. फार कडक."

दीपमालाबाई मखमलाबादच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एकट्या राहायच्या. मागे पूर्वी द्राक्षाची बाग होती. बाग गेली, तिला पाणी देण्यासाठी बांधलेला मोठा हौद राहिला. त्यात त्या लहान मुलांना शिकवायच्या आणि फक्त पाण्यात उभं राहायलाच शिकवायच्या. बोरस्त्यांना वाटलं, आपल्यासाठी कुणीतरी ही बाई राखूनच ठेवली होती.

बाईंनी मुलांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. धवल काहीतरी ओरडला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. तो थांबलेला बोरस्त्यांनी प्रथमच पाहिला.

"पालकांनी कंपाउंडच्या बाहेर थांबायचं," बाई म्हणाल्या. "आत यायचं नाही, वाकून बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत."

"थंडीचे दिवस आहेत, मुलांना—"

"बोअरचं पाणी आहे. सकाळी कोमट असतं."

खरंच होतं. रविवारी सकाळी भिंतीच्या वरून पांढरी वाफ बाहेर येताना दिसायची. बाहेर पालक मफलर गुंडाळून उभे असायचे. आत एवढी मुलं पाण्यात आहेत म्हटल्यावर आरडाओरडा, छपछप, रडणं, काहीतरी ऐकू यायला हवं. काही ऐकू यायचं नाही. अधूनमधून बाईंचा एखादा शब्द, मग पुन्हा शांत. तास संपला की फाटक उघडायचं आणि मुलं ओळीनं बाहेर यायची, केस ओले, ओठ मिटलेले. पालकांनाही त्या शांततेची सवय लागली आणि तेही कुजबुजून बोलू लागले. कशासाठी, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मग घरी फरक दिसायला लागला. प्रथम बरं वाटलं. धवल पाणी हवं असलं तर उठून स्वतः घेऊ लागला. टीव्ही बघताना दोघं सोफ्यावर मान जराशी मागे टाकून बसायची, ओठ मिटलेले, डोळे वर, पाय मात्र संथपणे हलत असायचे, दोघांचे एका लयीत. पाहुणे आले की त्यांचं लक्ष टीव्हीवरून या पायांकडे जायचं आणि ते लवकर निघायचे.

एका रविवारी दुपारी धवल सापडेना. हाका मारल्या, उत्तर नाही. गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीत डोकावून झालं, वॉचमन सायकल घेऊन चौकापर्यंत जाऊन आला. रविराज खैरनारांनी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं आणि त्यात आपणच सकाळी कचरा शेजारच्या डब्यात टाकताना दिसतो आहोत हे पाहून पटकन पुढे ढकललं. श्यामला जिन्यात बसून राहिली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी ओवी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "बाथरूममध्ये बघितलं का?"

बाथरूमची कडी अडकली होती. बोरस्त्यांनी दार उचकटलं, तर आत अंधारात धवल दाराकडे तोंड करून सरळ उभा होता. रडलेला नव्हता. मान मागे, डोळे वर. बाहेर सगळं घर त्याच्या नावानं ओरडत असताना तो दाराच्या आत तसाच उभा होता.

"अरे, हाक का नाही मारलीस?" श्यामलानं त्याला कवटाळत विचारलं.

"श्वास जातो," धवल म्हणाला.

ही बातमी पसरली तशी रोहिणीताई बोरस्त्यांकडे आल्या आणि सोफ्याच्या टोकावर बसल्या. त्यांचं माहेर सटाण्याकडचं. "मीच नाव सुचवलं, म्हणून मला झोप नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भाऊ, जुन्या पाण्यावर आसरा असतात. सातीजणी. आमच्याकडे विहिरीवर त्यांना मान दिल्याशिवाय पोरं उतरवत नाहीत. मुलांना पाण्याचं काहीतरी लागलंय. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि एक नारळ, एवढंच करा."

बोरस्त्यांनी विज्ञान या विषयावर त्यांना थोडक्यात पण ठामपणे समज दिली. पुढच्या रविवारी त्यांनी गाडी जरा लांब लावली आणि सगळ्यांच्या नकळत एक नारळ बाईंच्या भिंतीवरून आत सोडला. तास संपल्यावर ओवी तो हातात घेऊन बाहेर आली. सगळ्या पालकांसमोर तिनं तो वडलांना दिला. "बाईंनी सांगितलंय, नारळ तरंगतो. त्याला शिकवायची गरज नाही."

आता हा मानाचा प्रश्न झाला होता. आत काय चालतं ते पाहायचंच असं बोरस्त्यांनी ठरवलं. भिंतीच्या मागच्या अंगाला द्राक्षाचे रिकामे क्रेट पडले होते. ते एकावर एक रचून ते वर चढले आणि वाफेतून आत पाहू लागले.

हौद बराच मोठा होता. वाफेत मुलांची नुसती डोकी दिसत होती, पसरलेली, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. सगळ्यांचे चेहरे आभाळाकडे. पाणी हलत नव्हतं म्हणजे नव्हतं. काठावरून दीपमालाबाई अनवाणी फिरत होत्या. फिरता फिरता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ओवी, चल बाळा, उशीर झाला."

तो आवाज श्यामलाचा होता. नकलेत असते तशी त्यात चेष्टा नव्हती. शब्दाच्या शेवटी श्यामला जरासा श्वास सोडते, तोसुद्धा होता. श्यामला तर भिंतीच्या पुढच्या बाजूला उभी होती. हौदात ओवीची पापणी लवली नाही. बाई पुढे गेल्या, दुसऱ्या एका मुलाजवळच्या काठाशी थांबल्या आणि त्याच्या आजोबांच्या घोगऱ्या आवाजात त्याला खाऊ घ्यायला बोलावू लागल्या. कुणी हललं नाही. मग त्या वळल्या आणि बोरस्त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "धवल, हात दे, मी आलोय."

बोरस्त्यांनी स्वतःच्या नकळत हात पुढे केला. क्रेट सरकले. पडताना त्यांच्या तोंडून काहीच आवाज निघाला नाही. भिंतीपलीकडून बाई, आता स्वतःच्या आवाजात, म्हणाल्या, "वडलांनी फाटकातून यावं."

ढोपर चोळत ते फाटकातून गेले. बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. "काठावरून आपल्या माणसानं हाक मारली की मूल तिकडे झेपावतं," त्या म्हणाल्या. "हात वर करतं, तोंड उघडतं. तिथेच जातं ते. त्यांना हाकेकडे दुर्लक्ष करायला शिकवावं लागतं. दोर हवा असेल तर एक हात वर करायचा, तोही नीट उभं राहता आल्यावर. आणि बुडणाऱ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात जायचं नाही. तो कुणीही असो."

हे सगळं रास्त होतं. लाल चिठ्ठी लावावी असं त्यात काही नव्हतं. तरीही बोरस्त्यांना तिथून कधी एकदा निघतो असं झालं.

जानेवारीत सोसायटीचा हुरडा खाण्याचा बेत ठरला. कुणाच्या शेतावर, यावर फारशी चर्चा झालीच नाही. "बोरस्त्यांचे मेहुणे आहेत ना," रविराज खैरनार म्हणाले, "आणि मुलांचं प्रात्यक्षिकही होऊन जाईल." बोरस्ते नको म्हणाले, पण ते खैरनारांना विनय वाटला. दीपमालाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ज्या पाण्याची भीती आहे, त्यात एकदा उतरवावंच. भर उन्हात, कमरेला दोर बांधून. काठावर पोहता येणारा माणूस मात्र हवा."

"आहे की," बोरस्ते म्हणाले. त्यांच्या मनात कारभारी होता. बाईंनी मात्र त्यांच्याकडेच पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं.

हुरडा उत्तम होता. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, कोवळ्या ज्वारीचा धूर. खाऊन झाल्यावर सगळे बांधावर चढले. बांधावर चढेपर्यंत बडबड चालू होती. पाणी दिसल्यावर ती आपोआप कमी झाली. कारभारीनं ओवी आणि धवलच्या कमरेला दोर बांधले, त्यांची टोकं स्वतःच्या आणि आपल्या गड्याच्या हातात ठेवली, आणि दोघांना उतारावरून हळूच सोडलं.

दोघं पाय हलवत हळूहळू मधोमध सरकली आणि उभी राहिली. काळ्या पाण्यावर दोन चेहरे, वर पाहणारे. बाकी काहीच नाही. काठावरच्यांना वाटलं होतं, काहीतरी होईल. काही होत नव्हतं आणि ते फार वेळ होत नव्हतं. खैरनारांनी सुरू केलेल्या टाळ्या एकट्याच वाजल्या आणि थांबल्या. रोहिणीताई पदराआड काहीतरी पुटपुटू लागल्या.

"ओवी," बोरस्त्यांनी हाक मारली. "बरं आहे ना?"

उत्तर येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा हाक मारली. तिचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटेना. डोळे उघडे होते आणि त्यांत आभाळ होतं. नीट बघावं म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, ते प्लास्टिकवर पडलं, आणि बोरस्ते बसल्या बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अत्यंत सभ्यपणे पाण्यात गेले.

"वा," खैरनार म्हणाले, "गुरुजी स्वतः उतरले."

पहिल्या क्षणी थंडी लागली. दुसऱ्या क्षणी पायांनी तळ शोधला. तळ नव्हता. त्यांनी काठाकडे हात टाकला, तर प्लास्टिक शेवाळानं बुळबुळीत, हातातून सरकत गेलं आणि त्या झटापटीत ते आणखी आत ढकलले गेले. ओरडायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो. तोंड पाण्याबाहेर येई तेव्हा श्वास घ्यायलाच वेळ पुरत नसे, आणि लगेच पाणी. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत होते. ते हलवून दाखवावेत असं कितीही वाटलं तरी हलत नव्हते. शरीर ताठ उभं, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर.

काठावरचं बोलणं त्यांना तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं.

"—स्वेटर तरी काढायचा होता, अहो—" हा श्यामलाचा हसरा आवाज. मग पाणी. मग, "—छान जमतंय की यांना—" मग पाणी. "—जरा इकडे बघा, बोरस्ते, फोटो—"

फोन धरलेले हात त्यांना दिसले. ओळखीचे सगळे चेहरे दिसले, अगदी जवळ, उन्हात. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. कारभारीनं मुलांचे दोर सांभाळत विचारलं, "दाजी, कापडासकट?" आणि तोही हसला. दाजींना पोहता येतं, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

मग समोर ओवी दिसली. ती जवळ आली होती. बोरस्त्यांनी सगळा जीव एकवटून हात तिच्याकडे केला. ती मागे सरकली. जेवढा हात पुढे आला, तेवढीच मागे. पितळेचा भाग हातात घेतल्यावर ते स्वतः जसे त्याच्याकडे पाहत, तशी ती त्यांच्याकडे पाहत होती, बसतो की नाही ते बघायला.

"हात देऊ नका," ती म्हणाली. आवाज खालचा, कुठलीच घाई नसलेला. "मी धरणार नाही. मान मागे टाका. अजून. कान पाण्यात जाऊ देत."

कान पाण्यात गेले आणि काठ बंद झाला.

"तोंड मिटा. आभाळ बघा. आता पाय. सायकल. हळू, बाबा. कुणी ओढत नाहीये खालून."

ही शेवटची गोष्ट तिला कशी कळली, ते बोरस्त्यांना सांगता आलं नाही. कारण खालून कुणीतरी ओढतंय, अशी त्यांची त्या क्षणी पक्की खात्री होती. त्यांनी आभाळ पाहिलं. एक घार गोल फिरत होती. पाय फिरू लागले. नाकातून हवा आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. पाणी ओठांपर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

बोरस्ते पाण्यात उभे होते.

कुठून तरी खूप लांबून श्यामला म्हणत होती, "अहो, पुरे आता, या वर." त्यांना ऐकू आलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

ओवीनं एक हात वर केला. कारभारीनं तिचा दोर गड्याकडे दिला आणि ट्यूब टाकली. बोरस्त्यांना पोत्यासारखं ओढून वर घेतलं. मागोमाग मुलं आली, ओल्या केसांची, शांत. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला, रोहिणीताईंनी गुळाचा खडा दिला.

"मी बुडत होतो," बोरस्ते म्हणाले.

सगळे हसले. इतक्या वर्षांत आपण खरं सांगितलेली ही पहिलीच गोष्ट आणि लोक तिला हसताहेत, हे पाहून ते पुन्हा म्हणाले, "खरंच. मला पोहता येत नाही."

"बघा," खैरनार जमलेल्यांना म्हणाले, "याला म्हणतात विनय." गाडीत बसेपर्यंत त्यांनी सोसायटीतल्या मोठ्या माणसांची बॅच जाहीर केली, प्रशिक्षक म्हणून बोरस्त्यांचं नाव घातलं आणि व्हिडिओ सगळ्यांना पाठवून दिला. परतीच्या वाटेवर चौघांनी नावं नोंदवली. बोरस्ते जसजसे नकार देत गेले तसतसा त्यांचा मान वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर श्यामलानं विचारलं, "काल ते काय म्हणत होतात?"

बोरस्त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं फोन काढला आणि तो व्हिडिओ लावला. पाणी, स्वेटरातला माणूस, मान मागे, चेहरा शांत. मागून तिचाच हसरा आवाज येत होता. तिनं तो संपूर्ण पाहिला. पुन्हा सुरुवातीपासून लावला. चहा गार झाला. तिनं आवाज बंद करून पाहिला, मग थांबवत थांबवत पाहिला.

"मी तर समोरच उभी होते," ती म्हणाली. "कुठे कळायला हवं होतं मला? दाखवा."

बोरस्ते शेजारी बसले आणि त्यांनी पाहिलं. एका टोकाला ते बुडत होते, दुसऱ्या टोकाला उभे होते, एवढं त्यांना माहीत होतं. मधली जागा त्यांना सापडेना. दोन्ही माणसं सारखीच दिसत होती. मापात फरक नव्हता.

ओवी दप्तर ठेवून आली आणि आईच्या खांद्यावरून वाकली. "इथे," ती म्हणाली आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "इथे बाबांचे डोळे बघ. कुठेच बघत नाहीयेत." मग बोट जरा पुढे सरकवलं. "आणि इथे बघताहेत." एवढं सांगून ती हात धुवायला गेली.

श्यामला त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिनं फोन पालथा ठेवला आणि नवऱ्याचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून जेवताना बोरस्ते जरा गप्प झाले, भिंतीकडे नजर लागली, की श्यामलाचा हात ताटात थांबतो. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघते आणि म्हणते, "बोला काहीतरी."

सुचलं तर ते कारखान्यातलं सांगतात. नाही सुचलं तर मीठ मागतात. भाजीत मीठ बरोबर असतं. ती उठते, मीठ आणून त्यांच्या ताटात वाढते, आणि मग पुन्हा जेवायला बसते.